धसक्याची मोजदाद

बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला कोरा फॉर्म दिसला की त्याचे हात शिवशिवतात. काउंटरपलीकडच्या माणसाचा फॉर्म आपण भरायचा, त्याने नुसता अंगठा टेकवायचा, ही सवय निवृत्तीनंतरही जात नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदी ऐन भरात असताना, मानसशास्त्र शिकणाऱ्या माझ्या पुतणीने एक प्रश्नावली पाठवली. "काका, आत्याला फोनवर विचारून एवढी भरून द्याल का? तिला मोबाइलवर जमायचं नाही," असे ती म्हणाली, तेव्हा मी जवळजवळ आनंदानेच कागद-पेन घेऊन बसलो. एक फॉर्म तिने माझ्यासाठीही पाठवला होता.

तिची आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. तिची सून मुंबईतल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. मुलगा आणि सून मुंबईत अडकलेले, आणि त्यांचा पाच वर्षांचा मुलगा मार्चच्या मध्यापासून आक्काकडे ठेवलेला. एवढे सांगितले म्हणजे त्या दिवसांत त्या घरात काय चालले असेल, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न दहा होते. गेल्या महिन्याभरात अमुक असे किती वेळा वाटले, याची पाच उत्तरे : कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, सतत. त्यांना शून्य ते चार गुण. दहांपैकी चार प्रश्न उलट बाजूचे, म्हणजे बरे किती वेळा वाटले असे विचारणारे. त्यांचे गुण उलटे धरायचे. एकूण चाळीस. तेरापर्यंत तणाव कमी, सव्वीसपर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त, असा ढोबळ हिशेब बरेच जण लावतात.

"अचानक काही घडल्यामुळे मन अस्वस्थ झालं का?" मी पुस्तकी मराठीतला प्रश्न घरच्या मराठीत आणून विचारला.

"मला काय धाड भरलीय?" आक्का म्हणाली. शून्य.

"महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हातात राहिल्या नाहीत असं वाटलं?"

"हातात कधी होत्या?"

"म्हणजे 'कधीच नाही' लिहू की 'सतत'?"

"नाही लिही." शून्य.

"टेन्शन आलं?"

"टेन्शन तुम्हा शिकलेल्यांना येतं. पुढं विचार."

राग मात्र बऱ्याचदा येत होता. किराणावाला गोडेतेलाला चढा भाव लावत होता, म्हणून. तीन गुण. आपल्या अडचणी आपण निभावून नेऊ असे वाटते का, यावर "न निभावून सांगते कुणाला?" असे उत्तर आले. सगळे मनासारखे चालले आहे असे किती वेळा वाटले, यावर "बाईमाणसाच्या मनासारखं कधी चालतं?" म्हणजे कधीच नाही. उलटा प्रश्न, चार गुण. आणि सगळे आपल्या आवाक्यात आहे असे किती वेळा वाटले, याला तिने "ते देवाला ठाऊक" असे सांगितले. पाच चौकोनांत देवाचा चौकोन नव्हता. बँकेत अशा वेळी जे करतो तेच मी केले, मधल्या चौकोनात खूण केली. दोन गुण.

बेरीज नऊ. चाळीसपैकी नऊ. तणाव कमी.

माझी स्वतःची बेरीज चोवीस झाली होती. मला पेन्शन होते, तीन खोल्यांचे घर होते, कपाटभर पुस्तके होती, आणि माझे कोणीही कोविडच्या वॉर्डात रोज बारा तास उभे राहत नव्हते.

फोन ठेवता ठेवता आक्का म्हणाली, "बरं, ठेव आता. साडेनऊला तिचा फोन यायचाय. तिचा आवाज ऐकल्याबिगर घास घशाखाली उतरत नाही बघ. पंचवीस मार्चपासनं असंच चाललंय."

हे कुठल्याच प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्यामुळे ते फॉर्मवर कुठे लिहावे, मला कळेना.

कर्जाच्या अर्जात 'इतर देणी' असा एक रकाना असतो. सावकाराकडे दागिने ठेवून आलेला शेतकरीही तिथे 'निरंक' लिहायला सांगायचा. तो खोटारडा नसे. घरची अब्रू छापील कागदावर कशी लिहायची, हा त्याचा प्रश्न असे. आक्काचा फॉर्म मला तसाच निरंक वाटला. पुतणीला तो पाठवला खरा, पण खाली पेन्सिलने घासाचे वाक्य लिहून ठेवले. "काका, ते नाही घेता येणार," असे तिने कळवले. तिचेही बरोबर होते.

या दहा प्रश्नांचा पुढे मी बराच पिच्छा पुरवला. ही फूटपट्टी मूळची अमेरिकन. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. आधी चौदा प्रश्न होते, १९८८ मध्ये दहांचे संक्षिप्त रूप आले. तुमच्यावर काय संकट आले हे ती विचारत नाही. आयुष्य तुम्हाला किती अनिश्चित, हाताबाहेरचे, झेपेनासे वाटते, एवढेच विचारते. कल्पना साधी आणि गुणाची आहे. करोनाच्या काळात ती जगभर फिरली. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने एक मोठी पाहणी झाली, तिचे नाव 'कोविडस्ट्रेस'. ३० मार्च ते ३० मे २०२० या दोन महिन्यांत ४७ भाषा आणि बोलींतून १,७३,४२६ लोकांनी ती प्रश्नावली भरली. तिच्यात हेच दहा प्रश्न होते. त्याआधी चीनमध्ये, शांघायच्या डॉक्टरांनी वेगळी प्रश्नावली वापरून ५२,७३० उत्तरे जमवली होती. सुमारे ३५ टक्के लोकांमध्ये मानसिक त्रासाच्या खुणा त्यांना आढळल्या.

या खटाटोपाला मी हसणार नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. मृत्यूंचे अंदाज आहेत, भीतीची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. ज्या घरात चौघांपैकी एक उरला, त्या एकाचे पुढे काय झाले हे कोणी विचारल्याचे दिसत नाही. शंभर वर्षांनी कोणीतरी विचारले, लाखाच्या संख्येने विचारले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आणि विचारल्यामुळे कळलेही. कोविडस्ट्रेसच्या संशोधकांनी ४८ देशांची उत्तरे ताडून पाहिली. आजाराची काळजी वाटणारी माणसे स्वतःला आणि इतरांना जास्त जपत होती. तणावाखालची माणसे मात्र नियम कमी पाळत होती. म्हणजे काळजी आणि तणाव या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. एकीने माणूस सावध होतो, दुसरीने तो सैल पडतो. दंडुका हातात घेऊन रस्त्यावर उभ्या असलेल्यांना हे त्या वेळी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

पण त्याच पाहणीत आणखी एक निष्कर्ष होता, आणि तिथे मी अडलो. पश्चिम युरोपातली माणसे अधिक तणावाखाली असल्याचे नोंदले गेले होते. मला माझे चोवीस आणि आक्काचे नऊ आठवले. अधिक तणाव होता, की अधिक नोंदला गेला?

माझ्या वडिलांच्या लहानपणी शेर सगळीकडे एकच नव्हता. पक्का शेर वेगळा, कच्चा शेर वेगळा, आणि एका बाजारपेठेतले माप दुसरीत चालेलच असे नाही. परगावचा व्यापारी आधी विचारायचा, 'शेर कुठला?' मेट्रिक मापे आली आणि तो प्रश्न संपला. मनाच्या मोजमापात तो अजून संपलेला नाही. संशोधकांना हे ठाऊक असते. दोन देशांच्या बेरजा ताडण्याआधी दोन्हीकडे प्रश्नाचा अर्थ एकच लागतो आहे का, हे तपासण्याच्या गणिती रीती त्यांच्याकडे आहेत. उत्तर देण्याची ढबही देशागणिक बदलते. १९९५ च्या एका अभ्यासात असे दिसले की जपानी आणि चिनी विद्यार्थी मधल्या चौकोनाकडे झुकतात, अमेरिकन विद्यार्थी टोकाकडे. 'सतत' या शब्दावर खूण करायला एक प्रकारचा आत्मविश्वास लागतो. आपले दुःख दखल घेण्याजोगे आहे, असा. तो आक्काजवळ नाही.

मग उरतो शब्दांचा प्रश्न. लिहिणारा माणूस असल्याने मला तोच सर्वांत मोठा वाटतो. 'तणाव' हा शब्द आपल्या घरात बोलला जातो का? दोरीला ताण असतो, सीमेवर तणाव असतो. बोलताना आपण 'टेन्शन' म्हणतो, आणि तेही परीक्षेचे, लोनच्या हप्त्याचे, पाहुणे येणार असल्याचे. ज्याने माणूस मुळापासून हलतो त्याला मराठीत दुसरेच शब्द आहेत. जीवाला घोर लागतो. पोटात गोळा येतो. हातपाय गळतात. तोंडाची चव जाते. जीव टांगणीला लागतो. आणि माणूस धसका घेतो. यांतल्या प्रत्येकाची मुदत वेगळी, जागा वेगळी. घोर लांबणीचा असतो, तो वर्षानुवर्षे लागून राहतो. धसका एका क्षणी बसतो आणि मग आत ठाण मांडतो. शास्त्रज्ञ ज्याला तीव्र ताण म्हणतात, त्याला धसक्याइतका नेमका शब्द मला तरी माहीत नाही. आणि यातले बहुतेक शब्द शरीराचे आहेत. पोट, घसा, हात, पाय. आपल्याकडे मन दुखत असल्याची तक्रार घेऊन कोणी दवाखान्यात जात नाही. छातीत धडधडते म्हणून जाते.

हे फक्त आपलेच नव्हे. आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९८० मध्ये चीनच्या हुनान प्रांतात शंभर रुग्ण तपासले. 'नसांचा अशक्तपणा' असे त्यांचे निदान झाले होते. डोके दुखते, झोप नाही, थकवा जात नाही, अशा तक्रारी. क्लाइनमनच्या मोजमापात त्यांतले ८७ जण नैराश्याच्या व्याख्येत बसले. पण सांस्कृतिक क्रांतीतून गेलेल्या त्या माणसांना मन खचल्याचे बोलून दाखवणे परवडणारे नव्हते. नस दुखली तर चालत होते.

याहून जवळचे उदाहरण डॉ. विक्रम पटेल यांचे. जन्माने मुंबईचे पटेल १९९० च्या दशकात झिंबाब्वेत काम करत होते. तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, अर्थ : फार विचार करणे. तिथले लोक मनाचे दुखणे याच शब्दात सांगतात. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी प्रश्न शोनात नेण्याऐवजी शोना लोकांच्या तक्रारींतूनच चौदा प्रश्नांची प्रश्नावली बांधली. फूटपट्टी तिथल्याच लाकडाची. पुढे ते गोव्यात आले. १९९६ मध्ये 'संगाथ' ही संस्था सुरू झाली. गोव्यातल्या त्यांच्या अभ्यासात दिसले की अंगावरून पांढरे जाते अशी तक्रार करणाऱ्या कित्येक स्त्रियांच्या त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या दुखण्याशी आणि घरातल्या जाचाशी अधिक जवळचा होता. वर्षानुवर्षे त्या बायका सांगत होत्या. ऐकणारे गोळ्या देत होते.

हे वाचताना मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. सुमारे आठ हजार माणसे गेली. नंतर काही महिन्यांनी माझी बदली त्या भागातल्या एका शाखेत झाली. तिथे एक गृहस्थ रोज सकाळी अकराला पासबुक घेऊन येत. भरणा नाही, काढणे नाही, नुसती नोंद बघायची. क्लार्क वैतागे. एक दिवस मी त्यांना केबिनमध्ये बसवले, चहा मागवला. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, रात्री वाटतं, तेबी गेलं असंल." किती पैसे होते? तीनशे आणि काही रुपये. मी क्लार्कला सांगितले, रोज नोंद करून द्यायची, हसायचे नाही. धसका मोजायची माझी तेवढीच अक्कल. ते किती महिने येत राहिले हे मी कुठे लिहून ठेवले नाही, याचे आता वाईट वाटते. तो एक आकडा खरा होता.

२०२० मध्ये तशा खुणा आपल्या डोळ्यांसमोर पसरल्या होत्या. एप्रिलपासून तीन महिने जनधन खात्यांवर बायकांना पाचशे रुपये येत होते. बँकांपुढे खडूची वर्तुळे आखलेली, आणि उन्हात उभे राहवत नाही म्हणून वर्तुळात चपला ठेवून सावलीला बसलेल्या बाया. एका चपलेवर दगड ठेवलेला मी पाहिला, कोणी सरकवू नये म्हणून. त्या बाईने आरहूसची प्रश्नावली भरली असण्याचा संभव नाही. इंटरनेटवरून येईल त्याचे उत्तर घ्यायचे म्हटल्यावर शिकलेले लोक जास्त येणार, फिनलंडसारख्या लहानशा देशातून हजारोंनी येणार, आणि चालत निघालेला माणूस येणार नाही. हे संशोधकांनीही मोकळेपणी मान्य केले आहे. त्याच दोन महिन्यांत, ८ मे रोजी पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून निघाले होते, मध्य प्रदेशात घरी जायचे होते. रुळांवर झोप लागावी इतका थकवा कुठल्या चौकोनात बसतो?

२०२१ मध्ये 'लॅन्सेट'ने जगाचा ताळेबंद छापला : महासाथीमुळे २०२० या एका वर्षात तीव्र नैराश्याचे ५ कोटी ३२ लाख आणि चिंताविकाराचे ७ कोटी ६२ लाख जादा रुग्ण. हे आकडे आपल्याकडेही भाषणांतून फिरले. त्यामागच्या पाहण्या बहुतेक संपन्न देशांतल्या होत्या. इतरांचे आकडे संसर्गाचे प्रमाण आणि लोकांची घटलेली ये-जा यांवरून गणिताने काढलेले. बँकेत आम्ही यालाही ताळेबंदच म्हणतो, पण कुठली रक्कम मोजलेली आणि कुठली अंदाजी, याची टीप खाली असते. ती वाचायची असते.

म्हणून मोजूच नये, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. कथा-कादंबऱ्या लिहिणारे लोक हे फार चटकन म्हणतात. मनाला का कुठे माप असते, वगैरे. ज्याने अंदाजपत्रक हाताळले आहे त्याला ठाऊक असते की ज्याचा आकडा नाही त्याची तरतूद नाही. जिल्हा रुग्णालयात समुपदेशकाची जागा मंजूर व्हायची तर कोणीतरी कागदावर संख्या ठेवावी लागते. आक्काचे नऊ गुण अशा हजारो नऊंमध्ये मिसळले, तर साताऱ्याच्या ग्रामीण भागात सगळे आलबेल आहे असा अहवाल जाईल आणि ती जागा भरली जाणार नाही. माझी तक्रार आकड्याबद्दल नाही. चुकीच्या शेराने मोजलेल्या आकड्याबद्दल आहे.

झिंबाब्वेतल्या त्या चौदा प्रश्नांचे पुढे काय झाले, ते सांगण्यासारखे आहे. हरारेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ मध्ये दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाके मांडली आणि त्यांवर प्रशिक्षण दिलेल्या आज्या बसवल्या. वस्तीतल्याच आज्या. येणाऱ्या माणसाला तेच शोना प्रश्न विचारायचे, आणि मग त्याचे ऐकत बसायचे. २०१६ मध्ये या कामाची रीतसर शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी या लोकांच्या तक्रारी, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होत्या. प्रश्न छापील होते, गुण होते, बेरीज होती. फरक इतकाच की विचारणाऱ्या बाईला पुढचा प्रश्न विचारायची घाई नव्हती. मला घाई होती. साडेनऊच्या आत दहा प्रश्न संपवायचे होते.

आणखी एक अडचण मुदतीची. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमपुस्तिकेत तीव्र ताणाचा विकार म्हणून वेगळे नाव १९९४ मध्ये आले. आजच्या आवृत्तीत त्याची मुदत तीन दिवस ते एक महिना आहे. त्यापुढे टिकला तर नाव बदलते. भूकंपाला, अपघाताला हे लागू पडते. घटना एक, मग तिचे पडसाद. पण जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला महासाथ म्हटली आणि आणीबाणी उठवली ती ५ मे २०२३ ला. या तीन वर्षांत धसक्याची तारीख कुठली धरायची? आक्काच्या घरी ती रोज रात्री साडेनऊची होती.

आक्काची सून २०२१ च्या एप्रिलमध्ये आजारी पडली, अकरा दिवस प्राणवायूवर होती, बरी झाली. नातू त्या जूनमध्ये मुंबईला गेला, आता तो वरच्या वर्गात आहे, क्रिकेटशिवाय बोलत नाही. आक्काला मधल्या काळात थकवा येई, पायांत गोळे येत. तपासण्या सगळ्या नॉर्मल निघाल्या. डॉक्टरांनी वय झाले म्हटले.

गेल्या दिवाळीनंतर मी दोन दिवस तिच्याकडे राहायला गेलो होतो. पुतणीचे दहा प्रश्न खिशात घडी करून नेले होते, निवांत विचारावेत म्हणून. संध्याकाळी आक्काने भाकऱ्या केल्या, वांग्याचे भरीत केले. मला वाढले, स्वतःचेही ताट वाढून घेतले आणि बसली. मी जेवू लागलो. ती गावातल्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होती, कोणाच्या लग्नाबद्दल बोलत होती, भाकरीवर भाकरी मला वाढत होती. तिच्या ताटाला मात्र हात लागला नव्हता. ताटाच्या डाव्या अंगाला, लोणच्याच्या वाटीशेजारी, मोबाइल ठेवलेला होता.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते. मी हातातला घास ताटात ठेवला आणि टाकीचे पुढे काय झाले, ते विचारले.